लाल किल्ली, काळी किल्ली
(प्रस्तावना)

ऑगस्टचा तिसरा शनिवार उजाडला की डेट्रॉईटच्या उत्तरेकडे वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या दुतर्फा घडीच्या खुर्च्या लागतात. थर्मासमध्ये कॉफी, डोक्यावर टोप्या, मांडीवर नातवंडं. समोरून दिवसभर जुन्या-नव्या गाड्या संथ चालीने जात राहतात. १९९५ पासून भरणारी ही ‘ड्रीम क्रूझ’ म्हणजे इथल्या गाडीवेड्यांची जत्राच. साठच्या दशकात याच रस्त्यावर एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. अंधार पडला की कार कंपन्यांतले इंजिनिअरही आपापल्या नव्या गाड्या तिथे आजमावायला आणायचे.

एका वर्षी साताऱ्याहून आलेले माझे वडील तिथे माझ्या शेजारी बसले होते. नारिंगी रंगाची एक डॉज चॅलेंजर हेलकॅट सिग्नलला आमच्या पुढ्यात थांबली. दिवा हिरवा होताच तिने असा काही आवाज केला की बाबांच्या कपातला चहा हिंदकळला. गाडी गेली, धूर विरला आणि बाबांनी विचारलं, “ॲव्हरेज किती देते रे ही?”

आजूबाजूची आमची मंडळी खो खो हसली. मीही हसलो. सातशे घोड्यांच्या गाडीचं ॲव्हरेज विचारायचं म्हणजे आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला ‘रोजचा खुराक किती?’ म्हणून विचारायचं. पण पैलवान पोसायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला हाच प्रश्न आधी पडतो. हे मला कळायला पुढची काही वर्षं आणि बरेच डॉलर खर्ची पडले.

हे पुस्तक म्हणजे बाबांच्या त्या प्रश्नाला दिलेलं, जरा लांबलेलं उत्तर. आजच्या काळातली मसल कार घेताना किंमत आणि कामगिरी यांचा मेळ कसा घालायचा, एवढाच त्याचा विषय. चित्रं थोडी, हिशेब जास्त. गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत मला हमखास गाठणारी तरुण मंडळी असतात. नोकरी नुकती लागलेली, पहिला बोनस नुकता खात्यात पडलेला. “काका, मस्टँग घेऊ की चॅलेंजर?” हातात ताट धरून देता येईल असं उत्तर मला कधी सुचलं नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात इतिहासापासून करतो, कारण मसल कार ही जातच मुळी किमतीतून जन्मली. वेगवान गाड्या त्याआधीही होत्या, पण त्या पैसेवाल्यांच्या दारात. जनरल मोटर्समध्ये त्या काळी मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायला वरून बंदी होती. पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. १९६४ च्या टेम्पेस्ट मालिकेतल्या गाडीवर तीनशे डॉलरच्या आत मिळणारं एक जादा पॅकेज ठेवायचं आणि त्या पॅकेजमधून ३८९ घनइंचांचं इंजिन द्यायचं. नवं मॉडेल काढलं असतं तर वरिष्ठांची मंजुरी लागली असती. पॅकेजला लागत नव्हती. या पॅकेजचं नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांहून अधिक गाड्या गेल्या. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे, आणि वर्षभरात खप चार लाखांवर. जुने जाणकार मस्टँगला मसल कार म्हणत नाहीत, ‘पोनी कार’ म्हणतात. बोलण्यातून हा भेद आता गेलाय, मीही तो पाळलेला नाही.

मला विचाराल तर या जातीची खरी पत्रिका मांडली ती १९६८ च्या प्लिमथ रोड रनरने. कंपनीने आपल्या माणसांपुढे दोनच आकडे ठेवले होते: पाव मैल १४ सेकंदांत, आणि किंमत ३,००० डॉलरच्या आत. मग एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात झाली. खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट, पुढे बाकासारखं एकच लांब सीट, सजावट जवळपास शून्य. पैसे सढळ हाताने मोजले ते नावासाठी. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले आणि त्याच्यासारखा ‘बीप-बीप’ करणारा हॉर्न बसवला. गाडी २,८९६ डॉलरला बाजारात आली. आजच्या डॉलरात साधारण २६ हजार. इंजिन ३८३ घनइंचांचं. त्याहून दांडगं ४२६ हेमी हवं असेल तर ७१४ डॉलर जादा, म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. पहिल्या वर्षी ४५ हजारांच्या घरात रोड रनर खपल्या आणि त्यातल्या हेमीवाल्या हजाराच्या आसपास. हेमी कुणाला नको होतं? पण कारखान्यात घाम गाळून आठवड्याचा पगार घेणारा गिऱ्हाईक कुठे थांबायचं ते ओळखून होता. त्याची ती ओळख परत मिळवता आली तर या पुस्तकाचं काम झालं.

पुढची पडझड थोडक्यात सांगतो. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ ची मस्टँग तर व्ही-८ इंजिनाशिवायच आली. याच सुमारास ताकद मोजायची रीतही बदलली. आधी इंजिन नुसतं बाकावर ठेवून, त्याच्यामागची सगळी झेंगटं काढून मोजायचे. १९७२ पासून पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर हे सगळं जोडून मोजू लागले. एका वर्षात आकडे धाडकन खाली आले, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणून साठच्या दशकातले ४०० घोडे आणि आजचे ४०० घोडे एका तराजूत घालू नयेत. आजचे भरतील जास्त.

जुन्या वळणाची मस्टँग २००५ मध्ये परतली, चॅलेंजर २००८ मध्ये, आणि २०१० चं मॉडेल म्हणून जनरल मोटर्सची कॅमारो. या तिघींची खरी चुरस लागली ती साधारण २०१५ ते २०२३ या काळात. एवढी ताकद एवढ्या कमी पैशांत याआधी कधी मिळाली नव्हती, आणि निवडताना गल्लतही याच काळातल्या गाड्यांत सर्वांत जास्त होते. पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याविषयी आहे.

गल्लत सुरू होते ती भागाकारापासून. गाडीच्या किमतीला तिच्या हॉर्सपॉवरने भागायचं आणि घोड्यामागे किती डॉलर पडले ते बघायचं, असा हिशेब सगळेच मांडतात. आपणही मांडू. २०१५ ची मस्टँग जीटी ४३५ घोड्यांची, किंमत ३२ हजारांच्या आसपास: घोडा पडला ७४ डॉलरला. २०१६ ची कॅमारो एसएस ४५५ घोडे, ३७ हजार: ८१ डॉलर. चॅलेंजर स्कॅट पॅक ४८५ घोडे, ३८ हजार: ७८ डॉलर. बाबांचा चहा सांडणारी हेलकॅट ७०७ घोडे, ६० हजार: ८५ डॉलर.

म्हणजे स्कॅट पॅकपेक्षा हेलकॅटचा घोडा फक्त सात डॉलरने महाग! शोरूममधला सेल्समन हेच सांगतो, आणि खोटं सांगत नाही. पण तुम्ही ४८५ घोडे आधीच घेतलेले आहेत. आता प्रश्न उरतो तो वरच्या २२२ घोड्यांचा, आणि त्यांचे मोजायचे आहेत २२ हजार डॉलर. ते घोडे प्रत्येकी ९९ डॉलरला पडले. सरासरीत जे दडतं ते शेवटच्या पायरीवर उघडं पडतं. २०१८ च्या चॅलेंजर डेमनमध्ये तर रेसिंगच्या इंधनावर ८४० घोडे होते आणि किंमत ८५ हजार. हेलकॅटवरचे १३३ घोडे प्रत्येकी १८८ डॉलरला.

एवढं मोजून मिळतं काय? अमेरिकेत ताकदीचा जुना मापदंड म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर. उभ्या गाडीने सुटायचं आणि तेवढं अंतर किती सेकंदांत कापलं ते बघायचं. स्कॅट पॅक हे अंतर साडेबारा सेकंदांच्या आसपास कापते. हेलकॅटचा कंपनीने प्रमाणित करून घेतलेला आकडा ११.२ सेकंदांचा. म्हणजे २२ हजार डॉलरांत सव्वा सेकंदाच्या आगेमागे. त्याच हेलकॅटला रस्त्याचे टायर काढून ड्रॅग शर्यतीचे मऊ टायर घातले की आकडा येतो १०.८. इंजिनाला हात न लावता, नुसत्या रबराने जवळपास अर्धा सेकंद! यातून काय समजायचं? रस्त्याच्या टायरवर त्या घोड्यांतले बरेचसे जागच्या जागीच खूर आपटत असतात. पैसे सगळ्यांचे दिलेले, कामाला जुंपलेले त्यांतले काही.

डेमन या वाटेने अगदी टोकाला गेली. पाव मैल ९.६५ सेकंदांत. दहा सेकंदांच्या आत जाणाऱ्या गाडीत सुरक्षेचा पिंजरा हवा, असा अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेचा तेव्हा नियम होता. डेमनमध्ये तो कारखान्यातून येत नव्हता, त्यामुळे जिथे पळायला ती घडवली तिथेच तिला मज्जाव झाला. वजन वाचवायला ड्रायव्हरचं सोडून बाकी सीटं काढलेली. हवीच असतील तर पुढचं एका डॉलरला, मागचं एका डॉलरला. ही गाडी म्हणजे एक अस्सल करामत आहे, हे मी मनापासून मानतो. पण शेजारी बसायला कुणी असणार आहे का, हे ऑर्डरच्या कागदावरच ठरवायला लावणारी ती बहुधा एकमेव गाडी असावी.

आता या पुस्तकाला नाव देणारी गोष्ट. हेलकॅटबरोबर दोन किल्ल्या मिळायच्या, एक लाल आणि एक काळी. लाल किल्ली लावली की सगळे ७०७ घोडे मोकळे. काळी लावली की इंजिन ५०० वर थांबायचं. एका ओळखीच्या हेलकॅटवाल्याच्या घरी मी या दोन्ही किल्ल्या बघितल्या. दारामागच्या खिळ्याला काळी टांगलेली, तिच्यावरचा रंग बोटांनी घासून गुळगुळीत झालेला. लाल किल्ली ड्रॉवरमध्ये, चष्म्याच्या जुन्या डबीत, कोरी करकरीत. रोज ऑफिसला कुठली, असं विचारलं तर तो जरा ओशाळून म्हणाला, “काळीच. पावसात लालने भीती वाटते.”

काळ्या किल्लीचे घोडे ५००. स्कॅट पॅकचे ४८५. बावीस हजार डॉलर जादा देऊन हा गृहस्थ रोज, पंधरा घोड्यांचा फरक वगळला तर, स्कॅट पॅकच चालवत होता. ५०० घोडे रोजच्या माणसाला पुरून उरतात हा न्याय खुद्द कंपनीने दिला होता, तोही किल्लीत ओतून. आपण मात्र ती किल्ली खुंटीला टांगून ठेवतो आणि तिचा अर्थ विसरतो.

‘घोड्यामागे डॉलर’ या भागाकाराचा दुसरा दोष त्याहून मोठा आहे. गाडीतलं जे सर्वांत कामाचं, ते या हिशेबात तोट्याचं दिसतं. २०१५ च्या मस्टँग जीटीवर अडीच हजार डॉलरच्या आसपास एक परफॉर्मन्स पॅकेज मिळायचं. पुढच्या चाकांना सहा पिस्टनचे मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर, रुंद चाकं, कडक सस्पेन्शन, आणि मागच्या दोन्ही चाकांना पकडीप्रमाणे ताकद वाटून देणारा टॉर्सन डिफरन्शियल. घोडे किती वाढले? शून्य. म्हणजे भागाकाराच्या मते अडीच हजार पाण्यात. पण गाडीचा वेग दुप्पट झाला की तो थांबवताना ब्रेकमध्ये उष्णता चौपट तयार होते. साध्या ब्रेकवर ट्रॅकचे चार फेरे जोरात मारा, पाचव्याला पॅडल जमिनीला टेकेल आणि गाडी थांबायचं नाव घेणार नाही. घोडे स्वस्त मिळतात. त्यांना आवरणारा लगाम महाग असतो, आणि जाहिरातीत त्याचा फोटो नसतो.

वजनाचंही तसंच. कॅमारोचे ४५५ घोडे १,७०० किलोच्या आतली गाडी ओढतात, चॅलेंजरचे ४८५ घोडे १,९०० किलोची. सरळ रस्त्यावर दोघींत फारसा फरक जाणवत नाही. घाटासारख्या वळणांत कॅमारो हातात येते आणि चॅलेंजर गलबतासारखी कलते. २०१७ पासून एसएसवर मिळणारं साडेसहा हजार डॉलरचं १एलई पॅकेज घेतलं तर ही गाडी दुप्पट किमतीच्या गाड्यांना ट्रॅकवर घाम फोडते. उलट चॅलेंजरच्या डिकीत चौघांच्या बॅगा मावतात आणि मागच्या सीटवर मोठी माणसं बसू शकतात. कॅमारोच्या मागच्या सीटवर फारतर दप्तरं, आणि काचा इतक्या अरुंद की गाडी मागे घेताना मनात देवाचं नाव घ्यावं. कामगिरी या शब्दात डिकी आणि काचही येतात. सासूबाईंना विमानतळावरून आणायचं असेल तर त्या दिवशीची कामगिरी सेकंदांत मोजत नाहीत.

मग खुराकाचा प्रश्न, पण त्याआधी किमतीचा. गाडीच्या खिडकीवर कायद्याने लावावा लागणारा किमतीचा कागद, मोनरोनी स्टिकर, १९५८ च्या कायद्यातून आला. सिनेटर माइक मोनरोनी यांचं नाव त्याला चिकटलं ते तेव्हापासून. गिऱ्हाइकाला छापील किंमत दिसावी, फसवणूक होऊ नये, हा उद्देश. मी स्वतः गाडी घ्यायला गेलो तेव्हा एका विक्रेत्याकडे त्या कागदाशेजारी दुसरा एक छोटा कागद होता: ‘बाजारानुसार फेरफार’, आणि पुढे काही हजारांचा आकडा. त्या पैशांत एकही घोडा नव्हता की ब्रेकचा साधा पॅडही. मी तिथून उठलो. महिनाभर थांबलो आणि शेजारच्या राज्यातून छापील किमतीला गाडी आणली. थांबता येणं हीसुद्धा खरेदीतली एक ताकद आहे, आणि ती फुकट मिळते.

छापील किंमत तर नुसती सुरुवात. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने आलेला ‘गॅस गझलर’ कर आहे. हेलकॅटला तो लागायचा, साध्या मस्टँग जीटीला लागत नव्हता. इंधन महागातलं, प्रीमियम. रुंद मऊ टायर बेताने चालवले तरी लवकर झिजतात, आणि एक जोडी बदलायची म्हणजे छोट्या फ्रिजचे पैसे. सर्वांत मोठा हप्ता विम्याचा. चोरांनाही हीच गाडी आवडते. २०२० ते २०२२ च्या गाड्यांत डॉजच्याच चार्जर हेलकॅटच्या चोरीचे दावे सरासरी गाडीच्या साठपटीहून अधिक होते, असं अमेरिकेतल्या विमाविषयक संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं. साठपट! घोडे बांधायला तबेला हवा आणि तबेल्याला राखणदार.

भारतातल्या वाचकांसाठी एक वेगळं प्रकरण आहे, पण त्याचं सार इथेच सांगून टाकतो. जुलै २०१६ मध्ये मस्टँग जीटी अधिकृतपणे भारतात आली. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ६५ लाख, ताकद थोडी उतरवलेली, ४०० घोड्यांच्या आसपास. घोडा पडला सव्वासोळा हजार रुपयांना. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने अमेरिकेतली जीटी घेतली तर घोडा पाच हजारांत. भारतातली गाडी ऑटोमॅटिक आणि आतून अधिक सजलेली होती, त्याची वजावट केली तरी उरलेलं अंतर आयातशुल्काचं आणि करांचं. इंजिन तेच, पाच लिटरचं. आवाज तोच. पण मिशिगनमध्ये शाळामास्तर जी गाडी हप्त्यावर घेतो, ती मुंबईत उद्योगपतीच्या तळघरातल्या पार्किंगला गेली. मग मला प्रश्न पडला, ती मसल कार राहिली का? माझं उत्तर नाही असं आहे. जिच्या जन्माला किंमतच कारण, तिची किंमत काढून घेतली की मागे सुरेख गाडी उरते, जात उरत नाही. पुण्या-मुंबईतल्या मित्रांनी ती घ्यावी का? हौस म्हणून जरूर घ्यावी. हिशेब म्हणून विचाराल तर त्या पैशांत दरवर्षी अमेरिकेला येऊन आठवडाभर भाड्याची मस्टँग पळवावी. बरीच वर्षं पुरेल.

अमेरिकेतही चित्र पालटलं आहे. २०२३ च्या अखेरीस चॅलेंजर आणि कॅमारो या दोघींचं उत्पादन थांबलं. नवी घ्यायची तर मस्टँगच: २०२४ पासूनची जीटी ४८० घोड्यांची, तिच्यावर ५०० ची डार्क हॉर्स, आणि शिखरावर तीन लाख डॉलरहून महाग जीटीडी. चार्जर नव्या अवतारात आधी विजेवर आली आणि मग सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनावर. सरळ रेषेतला स्वस्त वेग हा मसल कारचा जुना मक्ता तर विजेच्या गाड्यांनी केव्हाच उचलला. ५५ हजारांची टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स तीन सेकंदांत ताशी साठ मैलांवर जाते, तेही आवाज न करता. तेव्हा आज व्ही-८ घेणारा माणूस सेकंदांसाठी पैसे मोजत नाही. तो मोजतो आवाजासाठी, हातातल्या गिअरसाठी, बॉनेट उघडल्यावर काहीतरी दिसावं यासाठी. हे प्रामाणिकपणे कबूल केलं की निवड निम्मी सोपी होते.

आणि बहुतेकांची निवड आता सेकंडहँड बाजारात होणार. तिथे गाडीवाला काय सांगतो यापेक्षा गाडी काय सांगते ते ऐकावं. खाली वाकून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पुढचे टायर गाडीच्या वयाचे आणि मागचे कोरे असतील, तर आधीच्या मालकाने मागचे कशात जाळले ते विचारा. डिफरन्शियलच्या कडेला तेल झिरपलंय का, चाकांच्या कमानीत आतून रबराचे तुकडे चिकटलेत का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. असली गाडी कमी मैलांतही म्हातारी झालेली असू शकते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात गाडी कुठे चालवणार याची प्रश्नावली. ती सोडवल्याशिवाय पुढचं पान उलटू नये, अशी विनंती. दुसऱ्या भागात मस्टँग, कॅमारो आणि चॅलेंजरच्या प्रत्येक पायरीचा हिशेब: खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना किती दिले आणि काय मिळालं. तिसऱ्या भागात ब्रेक, टायर, थंडावा आणि वजन. चौथ्यात पाच वर्षांचा खुराक. शेवटी सेकंडहँड गाडी तपासण्याची यादी, कापून खिशात ठेवता येईल अशी. माझा कल लपवत नाही: बहुतेकांसाठी खरी जागा मधली पायरी, म्हणजे जीटी, एसएस आणि स्कॅट पॅक. तिच्यावर थोडे पैसे ब्रेकला, थोडे टायरला, आणि थोडे स्वतःला.

‘स्वतःला’ म्हणजे काय, ते एका चिठोऱ्यावरून सांगतो. ड्रॅग स्ट्रिपवर धाव संपली की खिडकीतून एक कागद मिळतो. पहिल्या साठ फुटांना लागलेला वेळ, मग अर्धं अंतर, मग शेवट. माझा पहिला कागद अजून जपून ठेवला आहे, पिवळा पडलाय. मस्टँग जीटी, १४.१ सेकंद. हीच गाडी मासिकांचे चालक १३ च्या आत पळवत होते. दोष साठ फुटांच्या रकान्यात होता: मी क्लच धसमुसळेपणाने सोडला, चाकं जागीच फिरली, गाडी मागून निघाली. त्या उन्हाळ्यात पाच-सहा शनिवार गेलो. शेवटच्या कागदावर १३.२. नऊ दशांश सेकंद, आणि खर्च प्रवेश फीचा आणि मागच्या दोन टायरांचा. हेलकॅटवाल्याने सव्वा सेकंदासाठी बावीस हजार मोजले होते. या खेळातला सर्वांत स्वस्त सेकंद ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला असतो, आणि तो कुठल्याच किंमतपत्रकात छापलेला नसतो.

म्हणून लाल किल्ली घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. ड्रॉवरमध्ये ती आहे, या नुसत्या जाणिवेने एखाद्याचा सोमवार बरा जात असेल, तर त्या सुखाचा भागाकार करणारा मी कोण? माझं म्हणणं इतकंच की ते सुख विकत घेताय हे माहीत असावं. सेकंद विकत घेतोय अशी समजूत करून घेऊ नये.

या पुस्तकासाठी अनेकांनी आपापल्या गाड्यांची बिलं, विम्याचे कागद, झिजलेल्या टायरांचे फोटो न लाजता माझ्या हवाली केले. नावं छापायची नाहीत या अटीवर, कारण त्यातले काही आकडे घरी अजून माहीत नाहीत. त्यांचे आभार.

आणि बाबांचे. त्या दिवशी वुडवर्डवर हसणं ओसरल्यावर मी त्यांना आकडा सांगितला होता: शहरात लिटरला साडेपाच, हायवेला नऊ. त्यांनी उरलेला चहा संपवला. समोर गाड्यांची रांग बैलगाडीच्या वेगाने सरकत होती, एकामागून एक, हजारो घोडे पहिल्या गिअरमध्ये. ती बराच वेळ बघून ते म्हणाले, “बरं. पण ही एवढी गाडी घेऊन लोक जातात कुठे?”

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तोच ठेवला आहे.